कंट्रोल झिरो

लग्नाच्या अल्बमचं उघडं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. लॅबला ते ३०० डीपीआयने लागतं, म्हणजे आडवे १०,८०० आणि उभे ३,६०० ठिपके, एकूण ३ कोटी ८८ लाखांच्या वर. मी हे काम सुरू केलं तेव्हा टेबलावरचा १५ इंची डबा मॉनिटर १०२४ बाय ७६८चा होता. त्यावर आठ लाख ठिपकेसुद्धा मावत नाहीत. हिशेब केला तर शंभर टक्क्यांवर एका वेळी पानाचा पन्नासावा भाग दिसतो, आणि त्यातही डावीकडची टूलची पट्टी, उजवीकडचा लेयरचा चौकोन आपापली जागा खाऊन बसलेले. नवरीच्या डोळ्यांवर काम करायला तीनशे टक्क्यांवर गेलं की पडद्यावर नुसती भुवई. रात्रीचे दोन वाजलेत, सीझन चालू आहे आणि समोर एक भुवई. ती पानावर कुठे आहे, तिच्या शेजारी कोण उभं आहे, काही कळत नाही. नारायणगावात स्टुडिओ चालवताना माझी बरीच वर्षं अशा भुवया, नाकपुड्या आणि नथीच्या कडा यांच्यात गेली. तक्रार नाही, त्यावरच घर चाललं. पण झूम करायला कुणीही पोरगं आठवड्यात शिकतं. झूममधून बाहेर कधी यायचं, हे कळायला मात्र मला बराच काळ लागला.

मी या धंद्यात आलो तो रोलच्या शेवटच्या दिवसांत. जुन्नरच्या पेठेतल्या एका स्टुडिओत उमेदवारी केली. तिथले काका वनट्वेंटीच्या निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे. तिरका लाकडी डेस्क, मधोमध काच, काचेखाली आरसा आणि आरशावर खिडकीतून येणारा उजेड. निगेटिव्हवर आधी औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग पेन्सिलीचं टोक काचकागदावर सुईसारखं करून डोळ्यांखालच्या रेघा हलक्या हाताने भरायच्या. निगेटिव्हवर शिसं चढतं तिथे कागदावर उजळ येतं. काम भिंगाखाली चालायचं, पण चार-सहा टिपके टाकले की काका भिंग बाजूला सारत, निगेटिव्ह उचलत, हात लांब करून उजेडाला धरत आणि मान तिरकी करून बघत बसत. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. त्यामागचं कारण अगदी व्यवहाराचं होतं. शिसं जास्त झालं तर औषधासकट सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागायचं. पुसणं महाग होतं, म्हणून बघणं वारंवार होतं.

काम हातात घेण्याआधी ते गिऱ्हाइकाला एक प्रश्न हटकून विचारायचे, “भिंतीला लावणार का पाकिटात ठेवणार?” पाकिटात ठेवायच्या फोटोला ते जवळजवळ हातच लावत नसत. “एवढ्याशा तोंडावरची सुरकुती कुणाला दिसणारे?” म्हणायचे.

कॉम्प्युटर आला आणि पुसणं फुकट झालं. कंट्रोल झेड दाबलं की काहीच घडलं नव्हतं. त्याबरोबर हात लांब करून बघणंही बंद पडलं. फोटोशॉपचं सात नंबरचं व्हर्जन २००२ साली निघालं, त्यात हीलिंग ब्रश आला. आमच्याकडे ते कुठल्या सीडीवरून आलं हे विचारू नये. त्या ब्रशने मुरुमाचा डाग एका टिचकीत जायचा. डाग संपले की रंध्रं, रंध्रं संपली की लव. तीनशे टक्क्यांवर माणसाच्या कातडीत दुरुस्त करण्यासारखं कायम काहीतरी असतंच, त्यामुळे काम संपलं असं पडदा कधी सांगत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो, तेव्हा मदतीला मुलं ठेवावी लागतात. ओतूरकडचा एक मुलगा होता, हात फार चांगला. त्याने एका नवरीचा चेहरा चार तास बसून केला. चेहरा सुटा बघितला तर दाद द्यावी असं काम. अल्बम घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी नवरीची आजी तो घेऊन स्वतः दुकानात आली. पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “तोंड आमच्या पोरीचं हाये. हात कुणाचे लावले?” चेहरा गव्हाळाचा गोरा झाला होता, मान अर्धी आणि मेंदीचे हात होते तसे सावळे. सगळे हसले, तो मुलगा सोडून. त्याला खरंच कळेना की आजीला जे एका नजरेत दिसलं ते आपल्याला चार तासांत का दिसलं नाही. उत्तर सरळ होतं. त्या चार तासांत चेहरा आणि हात पडद्यावर एकत्र आलेच नव्हते.

‘थोडं उजळ करा’ ही मागणी आमच्याकडे नवरीची आई करते, नवरा करतो, मामा करतो. पुष्कळदा नवरी सोडून सगळे करतात. मी आता उजेड वाढवून देतो, रंग बदलून देत नाही. तो वेगळा विषय, पण हात आणि चेहरा शेजारी ठेवून बघायची सवय लागली की आपण काय करतोय ते आपल्यालाच लपवता येत नाही, एवढं खरं.

लग्नाआधीच्या शूटिंगची फॅशन आली तेव्हा लोक माळशेजला जायला लागले. पावसाळ्यात तिथे गर्दी इतकी की जोडप्यामागे दहा छत्र्या आणि एखादी भज्यांची गाडी येणारच. ती काढायची म्हणजे शेजारचं गवत, शेजारचं धुकं उचलून क्लोन स्टँपने वर टाकायचं. जवळून हे काम बेमालूम दिसतं. पूर्ण पान समोर घेतलं की एकच ढग पाच जागी तरंगताना सापडतो आणि गवताचा एकच तुरा रांगेने उभा असतो. आपल्या डोळ्याला पुनरुक्ती फार लवकर दिसते, पण ती सगळी एकदम समोर आली तरच.

तरी झूमला शिव्या देण्यात काही अर्थ नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली धूळ आकाशात करड्या ठिपक्यांसारखी येते, ती शंभर टक्क्यांवरच सापडते. केसांचं कटिंग जवळ गेल्याशिवाय होत नाही. शार्पनिंग जास्त झालं तर कडेला पांढरी किनार उमटते, तीही शंभर टक्क्यांवरच खरी दिसते. जुन्या फोटोशॉपमध्ये ३३ किंवा ६६ टक्क्यांवर चित्र दातेरी दिसायचं, त्यावर भरवसा ठेवून शार्पनिंग केलं की छापून काहीतरी भलतंच यायचं. उजेड, रंग, डोळा आधी कुठे जातो, कोण पुढे आलं, कोण मागे पडलं, हे मात्र लांबूनच कळतं. काही गोष्टी जवळच्या, काही लांबच्या. गोंधळ होतो तो लांबच्या गोष्टींचा निकाल जवळ बसून लावला की.

आणखी एक समज आमच्या धंद्यात पक्का आहे की शंभर टक्के म्हणजे खरा आकार. तो खरा आकार नाही. शंभर टक्क्यांवर फोटोचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसतो, एवढंच. छापताना इंचात ३०० ठिपके बसणार, आणि माझ्या त्या डबा मॉनिटरवर इंचात नव्वदच्या आसपास बसायचे. म्हणजे बारा इंचांची बाजू पडद्यावर तीन फुटांच्या वर जाते. आपण अल्बमचं पान बघतोय असं समजत असतो आणि प्रत्यक्षात बघत असतो त्याच्या तिप्पट मोठं पोस्टर, तेही नाक लावून. तीस टक्क्यांच्या जवळपास आलं की छापल्यावर जेवढं दिसणार तेवढं दिसतं. हे मी मुलांना सांगायचो तेव्हा त्यांना पटायचं नाही. मग अल्बमचं छापलेलं पान मॉनिटरच्या काचेला टेकवून दाखवलं.

माझं काम बदललं ते एका लॅब ऑपरेटरमुळे. अल्बम छापायला पुण्याला जायचो. पानं लागेपर्यंत तास दोन तास बसावं लागायचं. तो माणूस फाइल उघडायचा आणि तीच फाइल पुन्हा उघडायचा. आधी वाटलं चुकून होतंय. मग त्याने दाखवलं. विंडो मेनूत जायचं, अरेंजमध्ये त्याच फाइलसाठी नवी विंडो मागायची. फाइल एकच, खिडक्या दोन. डावीकडची मोठी करून तिच्यात झूम करायचा, उजवीकडची लहान ठेवून तिच्यात कंट्रोल झिरो दाबायचं, म्हणजे अख्खं चित्र खिडकीत बसतं. ब्रश डावीकडे चालतो आणि परिणाम उजवीकडेही त्याच वेळी दिसतो. सोय फोटोशॉपमध्ये आधीपासूनच होती, आम्ही तो मेनू कधी उघडलाच नव्हता. जुन्नरच्या काकांचा लांब केलेला हात मला तिथे पुण्यात, त्या लॅबच्या काउंटरवर समजला.

घरी येऊन नियम केला. उजवीकडच्या छोट्या खिडकीत फरक दिसेनासा झाला की डावीकडचं काम थांबवायचं. पानाला लागणारा वेळ निम्म्याच्या आत आला. आम्हाला पैसे पानावर मिळतात, तासावर नाही, त्यामुळे हा शोध मला कलेच्या आधी गल्ल्यात जाणवला. मुलांनी मात्र कुरकुर केली. आधीच पडदा लहान, त्यात दुसऱ्या खिडकीने जागा अडवलेली. मशीनला २५६ एमबी रॅम, दोन खिडक्या रंगवताना ती धापा टाकायची आणि लोडशेडिंगचे दिवस असल्याने वीज गेली की सगळंच जायचं. मी आत गेलो की मुलं छोटी खिडकी बंद करून टाकत. शेवटी मंचरहून एक जुना मॉनिटर आणला आणि अख्खं चित्र कायमचं त्यावर टाकून दिलं. तो बंद करायला उठून पलीकडे जावं लागायचं, म्हणून चालू राहिला.

दुसरा माणूस ज्याच्याकडून शिकलो तो फोटोग्राफर नव्हता, पेंटर होता. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. तमाशाचे फलक, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती यांवर एकेकाळी पेंटर लोकांचं चांगलं चालायचं. फ्लेक्सची मशिनं आली आणि दोन-तीन वर्षांत ते सगळं बसलं. असाच एक पेंटर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकायला माझ्याकडे आला. वयाने माझ्यापेक्षा थोरला, म्हणून आण्णा म्हणायचो. माउस त्याच्या हातात कधी बसला नाही. पण डिझाइन झालं की तो खुर्ची सोडून उठायचा, दुकानाच्या उंबऱ्यावर जायचा, तिथून डोळे बारीक करून मॉनिटरकडे बघायचा आणि सांगायचा, “नाव दिसत नाय. उजव्या अंगाला जड झालंय.” वीस फुटी भिंत रंगवताना शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे जायची सवय त्याच्या पायांत होती. मी एकदा म्हटलं, “आण्णा, एफ फोर दाबा की, बसल्या जागी अख्खं दिसतं.” तो म्हणाला, “अख्खं दिसतं, पण जवळून दिसतं.”

यात फार मोठी गोष्ट होती. कंट्रोल झिरो किंवा एफ फोर चित्र लहान करतात, डोळ्याचं पडद्यापासूनचं अंतर तेच राहतं. फ्लेक्स लागणार पुणे-नाशिक रस्त्यावर. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. बघणाऱ्याच्या वाट्याला तीन-चार सेकंद येतात, त्यात तो समोरचा ट्रकही बघत असतो. एवढ्यात एक चेहरा आणि दोन शब्द वाचून होतात. फ्लेक्सवर मात्र खाली शुभेच्छुकांची पट्टी, तिच्यात चाळीस तोंडं, प्रत्येकाचं कटिंग वेगळं, प्रत्येकाला आपला फोटो उजळ हवा. माझ्याकडची मुलं त्या चाळीस जणांच्या मिशा जुळवत बसायची. आण्णाच्या सांगण्यावरून मी टेबल फिरवून मॉनिटरचं तोंड दाराकडे केलं. फायदा झाला, त्रासही झाला. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून सूचना करायला लागला.

या फ्लेक्सवर नजरेची खरी परीक्षा बैलगाड्यावाले घेतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीचा घाट म्हणजे जीव की प्राण. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, तेव्हा फ्लेक्सची अशी झुंबड उडाली की मशिनवर नंबर लावावे लागले. बैलाचा मालक पडद्यापाशी येतच नाही. दारातून बघतो आणि उभं राहण्याच्या ढबीवरून सांगतो की बैल त्याचा आहे की नाही. मुलाने बैलाच्या अंगावरच्या माश्या एकेक करून काढलेल्या, गळ्यातल्या घुंगरांना चमक दिलेली. मालकाने तिकडे पाहिलंही नाही. “वशिंड दाबलंय,” म्हणाला. मागचं डोंगराचं चित्र बसवताना मुलाने पाठीची रेघ थोडी सपाट कापली होती. कापताना ती त्याला पाठ वाटलीच नाही, नुसती कड वाटली. दुसरी तक्रार अशी की बैलापेक्षा पुढाऱ्याचं तोंड मोठं झालंय. तीही रास्त होती.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत तिथे. लहानपणापासून आम्ही त्या रस्त्यावरून बघतो आणि पाहुण्यांना दाखवतो. विज्ञान दिनाला, फेब्रुवारीच्या शेवटी, ती लोकांसाठी खुली असते. एका वर्षी तिथे समजावून सांगणाऱ्या मुलीला मी विचारलं की तीस तबकड्यांपैकी चौदा एवढ्या जवळ जवळ दाटीने का आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या पंचवीस किलोमीटरपर्यंत का पसरल्यात. ती म्हणाली, लांबलांबच्या तबकड्यांच्या जोड्या बारीक तपशील पकडतात, जवळच्या जोड्या आकाशातला मोठा पसरट आकार पकडतात. नुसत्या लांबच्या वापरल्या तर चित्र रेखीव येतं, पण पसरलेला उजेड त्यातून गळून जातो. मी तिला म्हटलं, आमच्याकडेही हेच होतं. ती हसली, बहुतेक विनोद समजून. मी मनापासून बोललो होतो. आभाळाचा फोटो काढणाऱ्यांनाही दोन खिडक्या लागतात, त्यांनी त्या लोखंडाच्या बांधल्या.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कुणाजवळ बोललो नाही.

३० जुलै २०१४ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचला. १५१ माणसं गेली. घरं गाडली गेली तेव्हा घरातल्या ट्रंका, भिंतीवरच्या फ्रेमा, लग्नाचे अल्बम, सगळंच गाडलं गेलं. मागे राहिलेल्यांना फोटोची गरज पडली, आणि फोटो होते ते दुसऱ्यांच्या घरी. पाहुण्यांच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत, शाळेच्या जुन्या फोटोत कडेला, कुणाच्या बारशात दाराआड. अशी काही कामं माझ्याकडे आली. त्यांचे पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता.

एक जण बहिणीचा फोटो घेऊन आला. लग्नाचा ग्रुप, वीस-पंचवीस माणसं, पोस्टकार्ड आकाराचा. शेवटच्या रांगेत बहीण, चेहरा जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्यात तो कागद सिल्क फिनिशचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला. पूर्वी बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून तो कागद लोकप्रिय होता, आज स्कॅनरचा शत्रू आहे. बाराशे डीपीआयने स्कॅन केला. तीन मिलिमीटरचे सुमारे एकशे चाळीस ठिपके होतात, आणि त्यातली निम्मी जाळीच. झूम केला की चेहरा नाहीसा व्हायचा आणि जाळी उरायची. डोळ्याच्या जागी दोन काळे चौकोन, ओठ कुठे सुरू होतात त्याचा पत्ता नाही. आणि तोच मूळ फोटो टेबलावर पडलेला असताना भाऊ पलीकडच्या बाकावरून बोट दाखवून म्हणत होता, “ती बघा, ती. पदर घेतलेली. बोलायला लागली की मान अशीच करायची.”

त्याला दिसत होती. मला तीनशे टक्क्यांवर दिसत नव्हती.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये लिओन हार्मन यांनी १९७३ साली यावरच काम केलं होतं. लिंकनचा चेहरा मोजक्या मोठमोठ्या चौकोनांत मोडला. जवळून बघितलं तर नुसते करडे चौकोन, लांब गेलं किंवा डोळे बारीक केले की लिंकन. ओळखीचा चेहरा ओळखायला बारीक तपशील फार कमी लागतो. उलट चौकोनांच्या कडा डोळ्यांत भरतात आणि आडव्या येतात. बहिणीचा तो फोटो करत होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आण्णाचे बारीक केलेले डोळे तेवढे माहीत होते.

त्या कामात मी पहिल्यांदा उलटं केलं. हात मोठ्या खिडकीत ठेवला आणि डोळे छोट्या खिडकीत. मोठ्या खिडकीत काय दिसतंय याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. जाळी मऊ केली, पण छोट्या खिडकीतली ती मान जराही हलली की मागे यायचं. डोळे रेखले नाहीत, ओठ रेखले नाहीत. जिथे नव्हतं तिथे नाहीच ठेवलं. शेजारच्या बाईचा खांदा कापायचा बेत होता तोही राहू दिला, कारण तो काढल्यावर तिचं उभं राहणं बदलत होतं. भावाला फ्रेम मोठी हवी होती, इतरांच्या घरी होती तशी बारा बाय अठराची. मी दोन प्रिंट काढल्या, एक तेवढी मोठी आणि एक पाच बाय सातची. दोन्ही काउंटरवर उभ्या केल्या आणि काही न बोलता चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तर तो लहान प्रिंटसमोर उभा होता. “मोठ्यात नाय ती,” म्हणाला. लहान घेऊन गेला. पुढे आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, २०१७ साली लोक नव्या घरांत राहायला गेले. फ्रेम तिथे गेली असेल.

त्यानंतर माझी मागणी घेण्याची रीत बदलली. फोटो किती मोठा हवा हे मी आता शेवटी विचारतो. आधी विचारतो, तो कुठे लागणार, बघणारा कुठे बसणार. काकांचाच प्रश्न आहे. ते गेले तेव्हा त्यांचा फोटोही मीच केला आणि डोळ्यांखालच्या रेघा तशाच ठेवल्या.

अलीकडे हे सगळं मोबाइलवर होतं. जुना फोटो टाकला की एआय क्षणात चकचकीत करून देतं. पापणीचा केस न् केस मोजता येतो. लोक तो घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “छान झालाय, पण आई वाटत नाय.” वाटणार कशी? त्या यंत्रानेही जवळ जाऊनच काम केलं. जे ठिपके नव्हते ते त्याने हजारो परक्या चेहऱ्यांवरून भरले. पापणी कुणाची तरी, गाल कुणाचा तरी, आणि सगळं मिळून एक देखणी अनोळखी बाई. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आज त्यांची पावलं आणि वर कोरलेली नावं तेवढी शिल्लक आहेत. त्यातली राणी नागनिका कशी दिसायची हे आपल्याला माहीत नाही. उद्या कुणीतरी त्या पावलांवरून तिचा चेहरा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल आणि लोक तो खरा मानतील, याची मला खात्री आहे.

बिबट्याचे खोटे फोटो असेच फिरतात. आमच्याकडे बिबटे खरोखरचे आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, त्यामुळे खोट्या फोटोने गाव रात्रभर जागं राहतं. लोक मला ‘झूम करून बघा’ म्हणतात. मी आधी पूर्ण फोटो बघतो. अंगणाची सावली एकीकडे आणि बिबट्याची दुसरीकडे, किंवा पारगावचा म्हणून सांगितलेल्या फोटोत मागे आपल्याकडे नसलेली झाडं. हे बघायला झूम लागत नाही. नखं आणि मिशा मात्र खोट्या फोटोतही झकास असतात.

आता पडदे मोठे झाले. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर एका वेळी अल्बमच्या पानाचा बराच मोठा तुकडा मावतो, तरीही शेजारचा दुसरा मॉनिटर मी काढलेला नाही. टेबलाचं तोंड अजून दाराकडेच आहे. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी ब्रश देत नाही. तयार अल्बम देतो आणि उंबऱ्यावर उभं राहून त्यातलं काय खटकतं ते सांगायला लावतो. दोघे-तिघे यावर पळून गेले. राहिले ते चांगले निघाले.

तुमच्या घरातला एखादा जुना फोटो मोठा करून घ्यायचा असेल तर एवढं करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, तो वाटेत बारीक होतो. मूळ फोटो घेऊन या. फ्रेममधून निघत नसेल तर ओढू नका, काचेला चिकटलेला असतो, फ्रेमसकट आणा. त्या माणसाला जवळून ओळखणारं घरातलं कुणीतरी सोबत असू द्या. भिंत कोणती आणि समोर बसायची जागा किती लांब आहे ते सांगा. आणि मोठी प्रिंट काढण्याआधी एक लहान प्रिंट मागून घ्या, ती घरी नेऊन जिथे फ्रेम लागणार तिथे दोन दिवस टेकवून ठेवा. ज्याच्याकडे काम द्याल तो या लहान प्रिंटला नाही म्हणाला तर दुसरा स्टुडिओ बघा.